‘मृताशी नातं’ या रकान्याने खाल्लेले सात आठवडे

आधी हे सांगून टाकते, तुमचे पैसे तरी वाचतील. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकाची फाइल हवी असेल तर कुठेही फॉर्म भरत बसू नका. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने अशा सहा लाखांवर फाइली स्कॅन करून ठेवल्यात. ते काम २०१८ मध्येच संपलंय. घरबसल्या बघा, फुकट. मला हे कळेपर्यंत सात आठवडे गेले होते, त्यामुळे राग अजून आहे.

आम्ही कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, किचनर शहरात राहतो. लेक दहावीत, आणि ऑन्टारिओत दहावीला कॅनडाचा इतिहास सक्तीचा. प्रकल्प मिळाला: आपल्या शहरात दफन झालेला एक सैनिक. वर्गातल्या मुलांनी आपापले पणजोबा काढले. आमचे पणजोबा तेव्हा कोरेगावला ऊस लावत होते. शेवटी शेजारच्या पंजाबी आंटी म्हणाल्या, “माउंट होपला आपला एक मुलगा आहे ना.”

माउंट होप म्हणजे इथली दफनभूमी, आणि तो मुलगा म्हणजे बकम सिंग. जन्म १८९३, गाव पंजाबातलं माहिलपूर. १९०७ साली ब्रिटिश कोलंबियात उतरला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, म्हणजे माझ्या लेकीहून लहान. पुढे ऑन्टारिओत शेतावर राबला, १९१५ मध्ये भरती झाला. त्या युद्धात कॅनडाच्या सैन्यात असलेले जे शीख आज माहीत आहेत, ते जेमतेम दहा. विसाव्या पलटणीबरोबर बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या आघाडीवर गेला आणि १९१६ च्या उन्हाळ्यात दोनदा जखमी झाला. एकदा उपचार झाले ते ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही प्रसिद्ध युद्धकविता लिहिणाऱ्या डॉ. जॉन मॅक्रे यांच्या रुग्णालयात. मॅक्रे आमच्या शेजारच्या ग्वेल्फचे, हे कळल्यावर लेक पहिल्यांदा फोनमधून वर बघती झाली.

आता तो फॉर्म. नाव सांगत नाही, पण जुन्या नोंदींच्या नकला देणारं एक कार्यालय आहे. चाळीस डॉलर भरले. सातवा रकाना: मृताशी नातं. पर्याय पाच: जोडीदार, अपत्य, भावंडं, वारसदार, वकील. ‘काही नाही’ हा पर्यायच नाही, आणि रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही. मी खोटं लिहायचं नाही म्हणून फोन केला. पस्तीस मिनिटं तीच सनई वाजावी तसं एकच संगीत. मग एक बाई आल्या. “नातं नाही? मग तुम्हाला कशाला हवंय?” शाळेचा प्रकल्प म्हटलं, तर म्हणाल्या कागदावर अर्ज करा. केला. तीन आठवड्यांनी उत्तर: या नावाची नोंद नाही. नावाचं स्पेलिंग मी सीने लिहिलं होतं. केने लिहून पुन्हा पाठवलं. तर म्हणे आडनाव अपुरं आहे. अहो, सिंग! (माझ्या वडिलांचं नाव या देशात ‘मिडल नेम’ होऊन बसलंय, त्यामुळे मी एरवी असल्या गोष्टी सोडून देते. या वेळी नाही सोडली.)

खरी चीड वेगळीच होती. बकम सिंगचं लग्न लहानपणीच झालेलं, बायको प्रीतम कौर पंजाबात. कॅनडाच्या १९०८ च्या कायद्याने मायदेशाहून एकाच सलग प्रवासात येणाऱ्यालाच प्रवेश, आणि हिंदुस्थानातून थेट बोट तर धावत नव्हती. बायको येणार कशी? नातं इथवर पोचू दिलं नाही आणि शंभर वर्षांनी मला विचारतात, नातं काय?

हो, एक राहिलं. त्या युद्धातल्या सैनिकांना मिळालेल्या विजयपदकाच्या (व्हिक्टरी मेडल) कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. क्रमांक हाताशी असेल तर स्पेलिंगची कटकट वाचते. बकम सिंगचाही शोध लागला तो एका शीख संग्राहकाच्या हाती त्याचं पदक आलं म्हणूनच.

फाइल शेवटी लेकीला सापडली, शाळेच्या ग्रंथपालबाईंनी दाखवल्यावर वीस मिनिटांत. इंग्लंडमध्ये बरा होत असतानाच त्याला क्षय जडला. २७ ऑगस्ट १९१९ ला किचनरच्या फ्रीपोर्ट रुग्णालयात वारला, पंचविसाव्या वर्षी. पहिल्या महायुद्धातल्या शीख कॅनेडियन सैनिकाची कॅनडात माहीत असलेली एवढी एकच कबर आहे.

दर नोव्हेंबरात शीख मंडळी तिथे मानवंदना देतात. आम्हीही गेलो. मोज्यांचे दोन जोड घाला, त्या उघड्या जागेवर वारा झोंबतो. शाळकरी मुलांपासून पदकं लावलेल्या आजोबांपर्यंत सगळे होते. आंटींनी थर्मासमधून चहा आणला होता. लेकीने पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, ठेवली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं: सातवा रकाना पूर्ण करून पाठवा. लेकीने पेन घेऊन लिहिलं, ‘गाववाले’. ते काही मी पोस्टात टाकलं नाही. खाली बारीक अक्षरात आणखी चाळीस डॉलर मागितले होते.