पेटीवाल्याची उपासना

ख्रिस्तावरचा विश्वास सोडल्याचं जाहीर करून चर्चच्या मंडळीतून बाहेर पडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हळूहळू ढिले पडलेले मात्र कितीतरी भेटतात, आणि त्यातले बरेच जण रविवारी वेळेवर हजर असतात, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देतात, नाताळात कॅरल पार्टी निघाली की सगळ्यांच्या पुढे असतात.

मी उपासनेत पेटी वाजवतो. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थनेला उभे राहतात तेव्हा पेटीवाल्याचं डोकं पुढच्या गीताच्या पट्टीत असतं. काळी दोन घेतली तर म्हाताऱ्यांचा आवाज पोचेल का? तबलेवाल्याला खूण कधी करायची? ‘आमेन’ कानावर पडलं की भाता हलवायचा, एवढंच भान. देवाच्या घरात, देवाच्याच कामात, देवाशी एक शब्दही न बोलता दोन तास सहज निघून जातात. सेवेत असणाऱ्यांना हा धोका जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या बाकावर डुलकी काढणाऱ्याला कोणीतरी टोकतं. पेटीवाल्याला कोण टोकणार?

बायबलच्या नव्या करारातल्या देमासाचं तसंच झालं असावं. कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौल त्याचा सलाम कळवतो, तोही लूकाच्या जोडीनं. फिलेमोनाच्या पत्रात तो सहकाऱ्यांच्या यादीत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र एकच ओळ: ऐहिक सुख आवडल्यामुळे देमास मला सोडून थेस्सलनीकाला गेला. मधे काय झालं, कुठेच लिहिलेलं नाही. प्रेषिताच्या शेजारी बसूनही माणूस आतून रिकामा होऊ शकतो, हे मला फार अस्वस्थ करतं.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उभं केलं. विद्वत्ता, त्याग, सेवा, कशालाच कमी नाही. तरी पुढे आपल्या विश्वासाची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर हे उमगायला वर्षं गेली. एवढी मोठी बाई हे लिहून मोकळी होते. आमच्या मंडळीत कमिटीच्या निवडणुकीला उभा राहणारा कोणी असं बोलेल? (बोलला तर त्याला मत मी देईन.) त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात होरपळलेल्या बायकामुलींचा संसार सांभाळता सांभाळता मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर केलं. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्या कामात होत्या. वचनाशी रोजचा संबंध म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

बायबलमधल्या लेवीयाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, वेदीवरच्या अग्नीबद्दल आज्ञा आहे: तो विझू द्यायचा नाही, आणि याजकानं रोज सकाळी त्यावर लाकडं रचायची. नवव्या अध्यायात परमेश्वराकडूनच अग्नी निघून वेदीवरचं होमार्पण भस्म करतो. अग्नी देवाचा, पण लाकडं आणायची माणसानं, तीही रोज. शनिवारी आठवड्याची मोळी टाकून मोकळं होता येत नाही.

माझी लाकडं अगदी साधी आहेत. दूध तापेपर्यंत एक अध्याय, मोठ्यानं. मनात वाचलं की नजर पुढे पळते आणि वचन मागे राहतं. रात्री बायको, मी आणि शेजारच्या आजी मिळून प्रार्थना करतो. आजींना डोळ्यांनी दिसत नाही, पण स्तोत्रं पाठ आहेत. माझा एखादा शब्द गळला की लगेच थांबवतात.

गायनमंडळाला मी सुचवलंय की सरावाआधी पेटी-तबला बंद ठेवून दहा मिनिटं फक्त प्रार्थना करू. तबलेवाल्याचा विरोध आहे. सराव आधीच अर्धा तास उशिरा सुरू होतो, असं तो म्हणतो. खोटं नाही ते. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघं लवकर जाणार आहोत, बाकीचे येतील तेव्हा येतील.