सख्ख्या भावाचा अंत्यविधी

शेजारच्या आजोबांनी काल माझ्या तोंडावर दार लावले, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. शुक्रवारी इथे इंग्लंडातल्या मॅन्सफील्डला त्यांच्या भावाच्या अंत्यविधीसाठी गाडीने सोडू का, एवढेच मी विचारले होते. 'तो आत गेला होता,' एवढे बोलून त्यांनी कडी लावली. एरवी फाटकापाशी दिसले की 'मी डक' अशी इकडची लाडाची हाक मारून अर्धा तास बोलणारा हा माणूस. इतकी वर्षे एका भिंतीला भिंत लावून राहिल्यावरही आपण शेवटी परकेच, असे वाटून काल मला रडू आले.

पण राहून राहून मनात येते ते हेच, की गेला तो त्यांचा सख्खा भाऊ होता. दोन गल्ल्यांपलीकडे राहणारा, आणि १९८४ पासून ज्याच्याशी त्यांनी एक शब्दही बोलणे ठेवले नव्हते असा. त्या मार्चमध्ये सरकारी कोळसा मंडळाने २० खाणी बंद करून २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले आणि यॉर्कशायरपासून खाणकामगारांचा संप पसरत गेला. देशव्यापी मतदान झालेच नाही. आमच्या या नॉटिंगहॅमशायरने आपल्यापुरते मतदान घेतले, तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश मते संपाच्या विरुद्ध पडली. थोरले, म्हणजे आता गेले ते, कामावर जात राहिले; धाकटे, म्हणजे आमचे आजोबा, संपावर गेले. 'आम्हाला सगळ्यांना आधी विचारायला हवे होते,' असे थोरले शेवटपर्यंत म्हणत, आणि ते म्हणणे मला कधीच गैर वाटलेले नाही.

तरीही आजोबांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून काढून दाखवलेला तो पिवळा, गोल बिल्ला डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यावरची 'कोल नॉट डोल' (कोळसा हवा, बेकारभत्ता नको) ही अक्षरे कडेला पुसट झाली आहेत. त्याच डब्यात सरकारी मदतीचा हिशोब लिहिलेला एक कागद आहे. संघटनेकडून आठवड्याला १५ पौंड संपभत्ता मिळतो असे गृहीत धरून तेवढी रक्कम कुटुंबाच्या मदतीतून कापली जाई, आणि तो भत्ता तर कोणालाच मिळत नव्हता. बायकांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरातल्या जेवणावर घर चालले. पहाटे पोलिसांच्या रांगेमागे आजोबा उभे असत आणि त्याच रांगेच्या संरक्षणात त्यांचा भाऊ खाणीच्या फाटकातून आत जाई. लंडनहून आलेले पोलीस जादा कामाच्या पगाराच्या पावत्या संपकऱ्यांना हलवून दाखवत, हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. ऑरग्रीव्हला पोलीस आणि संपकरी यांच्यात झालेल्या मोठ्या चकमकीबद्दल मात्र ते मला काही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

मला राग येतो तो या दोघांपैकी कोणाचाच नाही. हुजूर पक्ष विरोधात असतानाच, १९७७ साली, त्या पक्षाचे खासदार निकोलस रिडली यांच्या अहवालात सगळी आखणी झालेली होती: वीजकेंद्रांवर कोळशाचा साठा करायचा, संघटनेबाहेरचे ट्रकचालक हाताशी ठेवायचे, संपकऱ्यांचा पैसा तोडायचा, पोलिसांची फिरती पथके उभी करायची. पंतप्रधान थॅचरबाईंनी जुलै १९८४ मध्ये याच माणसांना देशातले अंतर्गत शत्रू ठरवले. सुरू झाल्यापासून वर्षभराने, मार्च १९८५ मध्ये, काहीही पदरात न पडता संप संपला. आणि जे कामावर गेले त्यांना तरी काय मिळाले? ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने ३१ खाणी बंद करण्याची यादी काढली, तीत नॉटिंगहॅमशायरच्याही कित्येक होत्या. दोघेही भाऊ घरी बसले. मला वाटते, निदान तेव्हा तरी त्यांनी बोलायला हवे होते. का बोलले नाहीत?

बाबांच्या गिरणीचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि तो कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. कामावर परतलेल्यांबद्दल लालबागच्या आमच्या चाळीतही कडवटपणा होता. पण आमच्यातले किती तरी जण कोकणात, साताऱ्याकडे आपापल्या गावी निघून गेले. भांडण झालेली माणसे पांगली आणि पुष्कळांची पुन्हा गाठही पडली नाही. इथे खाणीचे गाव हेच यांचे गाव. परतायला दुसरे नव्हतेच. त्याच दुकानात पाव घ्यायचा, त्याच चर्चमध्ये मुलांची लग्ने लावायची, आणि रोज एकमेकांना ओलांडून पुढे जायचे. इतक्या जवळ राहून एकमेकांवर हात न उगारता चाळीस वर्षे काढायची, तर अबोला धरण्यावाचून त्यांच्यापाशी दुसरा उपाय तरी कोणता होता? आज दुपारपासून मी हाच विचार करते आहे, आणि बंद दाराचे दुःख पुष्कळ कमी झाले आहे. माझी मदत त्यांनी नाकारली नव्हती. भावाला निरोप द्यायला जाणे म्हणजे त्या पहाटांवर पाणी सोडणे, आणि ते त्यांच्याने होणार नाही. मला ते पटत नाही, पण आता समजते.

आजोबांच्या भावजयीने शुक्रवारी अंत्यविधीनंतरच्या चहासाठी सँडविच करायला हाताखाली बोलावले आहे, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी मी तिकडे जाईन आणि अंत्यविधीलाही हजर राहीन. आजोबांपासून ते लपवणार नाही. परत आल्यावर कोण कोण आले होते हे त्यांनी विचारले तर सगळे सांगेन, आणि नाही विचारले तर मी आपण होऊन विषय काढणार नाही.