पेडल कडक, जॉब कार्डवर मात्र ‘ब्रेक ओके’

वर्कशॉपच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) ‘ट्रायल घेतली, ब्रेक ओके’ असं लिहून येतं तेव्हा ती ट्रायल कशी घेतलेली असते, ते आधी सांगतो. गाडी रिकामी, इंजिन सकाळचं थंड, रस्ता सपाट आणि अंतर वर्कशॉपच्या गेटपासून पुढच्या चौकापर्यंत. अशा ट्रायलमध्ये कुठल्याही पिकअपचे ब्रेक ओकेच निघतील. आमच्या डिझेल पिकअपची तक्रार होती ती पाचगणीहून स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून पसरणी घाट उतरतानाची. इंजिन पूर्ण तापलेलं, वळणावळणाला ब्रेक, आणि मध्येच कधीतरी पेडल दगडासारखं कडक. पाय ठेवला की खाली जातच नाही. सीटला पाठ टेकवून दोन्ही पाय लावले तर गाडी हळू होते, पण नेहमीच्या मानाने फार उशिरा. खाली वाईत येऊन गाडी थोडा वेळ उभी राहिली, की सगळं पूर्ववत.

हा ब्रेक फेल नव्हे. ब्रेक ऑइलची लाइन, सिलिंडर, पॅड, लायनर सगळं काम करत असतं. गेलेला असतो तो बूस्टरचा, म्हणजे पायाचा दाब वाढवणाऱ्या डब्याचा जोर. बूस्टरच्या डब्यात मधोमध रबरी पडदा असतो आणि पाय काढलेला असताना त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्युम (हवा ओढून केलेली पोकळी) असतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते, पुढच्या बाजूला व्हॅक्युम तसाच राहतो आणि दाबातल्या फरकामुळे पडदा मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या) दांड्याला पुढे ढकलतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा (हवा आत घेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्युम आयता मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो (जुने मेकॅनिक त्याला एक्झॉस्टर म्हणतात), काहींमध्ये थेट कॅमशाफ्टवर. पंपापासून बूस्टरपर्यंत एक जाड रबरी पाइप जातो आणि वाटेत एकाच दिशेने हवा सोडणारा एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) असतो. पंप, पाइप, एनआरव्ही, बूस्टर. संशयित एवढे चारच.

तरीही सुरुवात झाली पॅडपासून. मग ब्लीडिंग, म्हणजे ऑइलच्या लाइनमधली हवा काढणं. मग मास्टर सिलिंडर. पेडल खोल जात असेल, स्पंजासारखं लागत असेल, तर हवा किंवा ऑइलची गळती शोधा, ब्लीडिंग करा, माझं काही म्हणणं नाही. पेडल वरच अडत असेल तर ब्लीडिंगचा काय संबंध? नवा मास्टर सिलिंडर बसवून गाडी परत मिळाली आणि पुढच्या फेरीला घाटात पेडल पुन्हा वरच.

यावर सर्व्हिस ॲडव्हायजरचं ठरलेलं उत्तर असतं, ‘साहेब, घाटात ब्रेक गरम होतात, गिअरमध्ये उतरत जा.’ ब्रेक गरम होतात हे खरंच आहे, पण त्याची लक्षणं वेगळी. लायनर तापून पकड सुटते तेव्हा पेडल नेहमीसारखंच दबतं, गाडी मात्र थांबत नाही आणि जळका वास येतो. व्हॅक्युम गेला तर वास नाही, धूर नाही, पेडलच दबत नाही. हा फरक तक्रार लिहितानाच लिहा. ‘ब्रेक कमी लागतो’ असं लिहिलंत की पॅड बदलले जाणार हे नक्की. आम्ही शेवटी लिहून घेतलं ते असं: ‘इंजिन गरम झाल्यावर, लागोपाठ ब्रेक मारल्यावर पेडल कडक होते, खाली जात नाही. गरम इंजिनावर बूस्टरजवळचा व्हॅक्युम मोजून आकडा लिहावा.’ तेही ॲडव्हायजरने टाइप केलेलं नव्हे. कार्डावर आपल्या हाताने लिहायचं आणि सही करण्याआधी फोटो काढून ठेवायचा.

खरी अडवणूक सुरू झाली ती इथे. व्हॅक्युम मोजायचा मीटर लावायला कोणी तयार नाही. एकदा सांगितलं, मीटर दुसऱ्या ब्रँचला गेलाय. मग, लॅपटॉप लावला, एरर नाही. अहो, पाइप आतून बंद होतोय, तो लॅपटॉपला कसा कळणार? व्हॅक्युमचा सेन्सरच नसेल तर कोड येणार कुठून? त्यानंतर, ‘पंप कधी जात नाही हो, सीलबंद असतो.’ अमेरिकेत 2019 साली जनरल मोटर्सने 2014 ते 2018 या मॉडेल-वर्षांच्या सिल्व्हराडो, सिएरा पिकअप आणि त्यांच्याच जातीच्या मोठ्या एसयूव्ही अशा 34 लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या व्हॅक्युम पंपासाठीच. पंपाला वंगण देणाऱ्या ऑइलच्या जाळीवर कचरा साठून पंपाचा जोर हळूहळू कमी होत होता. तिथला उपाय म्हणजे ब्रेक कंट्रोल मोड्यूलचं सॉफ्टवेअर बदलून हायड्रॉलिक मदतीचा जास्त उपयोग करून घेणं. आपल्याकडच्या पिकअपचा पंप वेगळा, पण इंजिन ऑइलवर जगणारा पंप ऑइलच्या वाटेत अडथळा आला की मरतो, हे सगळीकडे सारखंच.

मीटरची तपासणी अवघड नाही, म्हणून तर जास्त चीड येते. बूस्टरला पाइप जिथे लागतो तिथे एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडायची, टीला व्हॅक्युम मीटर. बारीक पण जाड भिंतीची नळी बॉनेटच्या कडेने काढून डाव्या खिडकीतून केबिनमध्ये घ्यायची, म्हणजे शेजारी बसलेला माणूस चालत्या गाडीत आकडा वाचतो. नळी बॉनेटखाली चेपली जाणार नाही एवढं बघायचं, नाहीतर आकडा खोटा येतो. चांगला पंप उपलब्ध हवेच्या दाबाच्या साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत व्हॅक्युम देतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा, म्हणजे मीटरवर 650 ते 680 दिसायला हवेत. ब्रेक दाबला की सुई खाली येणार, सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत वर चढणार.

इथे एक गोम आहे, ती आमच्याकडच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे 1,350 मीटरच्या आसपास, हवेचा दाबच 645 मिलिमीटरच्या घरात असतो. तोच चांगला पंप तिथे खालच्यापेक्षा शंभरेक मिलिमीटर कमी दाखवतो. वर आकडा घेऊन कोणी पंप बाद ठरवला तर मान डोलावू नका. उलट, बूस्टरची ताकद वर मुळातच कमी असते, म्हणून खाली जेमतेम चालणारी यंत्रणा घाटमाथ्यावर पहिल्यांदा उघडी पडते.

एकाच जागी मोजून भागत नाही. एकदा पंपाच्या तोंडाशी, एकदा बूस्टरच्या तोंडाशी, आणि दोन्ही वेळा इंजिन चांगलं तापलेलं. आमच्या गाडीत थंड असताना दोन्हीकडे 620, सगळे खूश. तापल्यावर पंपाजवळ तेच 620, पण बूस्टरजवळ लागोपाठ दोन ब्रेक मारले की सुई 350 च्या खाली, आणि वर चढायला रांगत निघाली. पंप ठणठणीत, बूस्टरला मात्र पोचत नाही, म्हणजे दोष मधल्या पाइपात किंवा एनआरव्हीत. एनआरव्ही काढून तोंडाने फुंकून बघतात: बूस्टरच्या बाजूने हवा पार जायला हवी, पंपाच्या बाजूने अजिबात नाही. आमचा चांगला निघाला. जाता जाता, तो उलटा बसला तर बूस्टरला व्हॅक्युम मिळतच नाही. त्यावरचा बाण पंपाकडे असायला हवा.

उरला पाइप. बाहेरून नव्यासारखा, एक चीर नाही. ब्लेडने उभा कापला तेव्हा आतलं अस्तर एका बाजूने सुटून जिभेसारखं लोंबत होतं. त्यावर पंपातून आलेल्या ऑइलचा काळा चिकट थर. थंड असताना ही जीभ भिंतीला चिकटून राहते. तापून मऊ झाली की पंपाच्या ओढीने आडवी येते आणि वाट बंद. इंजिन बंद झालं की ओढ संपते, जीभ मागे पडते, आणि वर्कशॉपच्या गेटवर ब्रेक ओके. घाटातलं दुखणं सपाटीवर का सापडत नव्हतं, याचं उत्तर त्या वीतभर रबरात होतं.

पाइप नवा बसवताना रेडिएटरचा किंवा डिझेलचा पाइप कापून बसवू देऊ नका. ते पाइप आतून दाब सोसायला केलेले असतात, आतली ओढ सोसायला नव्हे. तापल्यावर बाहेरूनच पिचकतात. व्हॅक्युम ब्रेकचाच पाइप हवा, जुन्याच आतल्या व्यासाचा, क्लिपा नव्या. आणि पाइपात ऑइल कुठून आलं ते शोधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. पंपातून ऑइल परत जाण्याची नळी चेपली किंवा तुंबली की पंपात ऑइल साठतं आणि व्हॅक्युमच्या पाइपात शिरतं. पुरवठ्याच्या पाइपाच्या बोल्टचं भोक काजळीने बारीक झालं, तर उलट पंप कोरडा पडून आतल्या व्हेन (फिरणारी पाती) झिजतात. दोन्ही नळ्यांचे बोल्ट उघडून साफ करा, तांब्याचे वॉशर नवे घाला. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणं हा ब्रेकचाच भाग आहे, हे डिझेलवाल्यांच्या लक्षात येत नाही.

वॉरंटीचं भांडण वेगळं. ‘रबर पार्ट वॉरंटीत बसत नाही’ म्हणाले, तर वॉरंटीच्या पुस्तकातली ती ओळ दाखवायला सांगा. वायपर आणि व्हॅक्युमचा पाइप एकाच ओळीत बसतात का, ते तुम्हीच वाचा. न लागणारा मास्टर सिलिंडर घातल्याचे पैसे लावले असतील, तर जुना पार्ट परत मागा; तो चांगला होता हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. ‘गाडी कमर्शियल आहे, ग्राहक कायदा लागू नाही’ हेही ऐकवलं जातं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की, स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली धरत नाहीत. स्वतःची एक पिकअप स्वतः चालवणाऱ्याने हे वाक्य पाठच करावं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घेतला, की काउंटरवरचा आवाज बदलतो. मीटर दुसऱ्या ब्रँचमधून त्यानंतरच आला, एवढं सांगतो.

वर्कशॉपला जाण्याआधी घरच्या घरी करायच्या तीन चाचण्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल, तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. दुसरी: इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खोल जाईल, दुसऱ्या-तिसऱ्यांदा वरवर येत जाईल. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर व्हॅक्युमचा साठा टिकत नाही: एनआरव्ही किंवा बूस्टर. तिसरी: चालू इंजिनावर पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा, अर्धा मिनिट तसेच थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर कुठेतरी हवा शिरतेय. पेडल दाबलेलं असताना पायाजवळ सतत फुस्स आवाज येत असेल, तर पडदा फाटलाय. या चाचण्या थंड आणि गरम अशा दोन्ही वेळा करा. आमच्या गाडीसारखा दोष थंड असताना तिन्ही चाचण्यांत पास होतो.

ब्रेक ऑइल कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, असं दिसलं तर मास्टर सिलिंडर सोडवून मागच्या तोंडात बोट फिरवा. ओलं लागलं तर मागचं सील गळून ऑइल बूस्टरमध्ये जातंय. तेव्हा मास्टर सिलिंडर खरंच बदलायचा, आणि बूस्टरचा पडदाही तपासायचा. ब्रेक कडक आणि त्याच वेळी गाडीचा वेग घेण्याचा जोरही मेला, तर टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा) आणि ईजीआरकडे (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) जाणाऱ्या बारीक व्हॅक्युम नळ्या बघा. बऱ्याच इंजिनांत त्या याच पंपावर असतात.

घाटात असं झालंच, तर पेडल पंप करू नका. प्रत्येक दाबाला उरलासुरला व्हॅक्युम खर्च होतो. एकदाच, दोन्ही पायांनी, न सोडता दाबायचं. एकेक गिअर खाली. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा, म्हणजे मागची चाकं लॉक झाली तर सोडता येतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना काय सांगावं? बंद इंजिनावर जोराचे ब्रेक दोन किंवा तीनच मिळतात, आणि पॉवर स्टिअरिंगही गेलेलं असतं.

पंप अल्टरनेटरवर असेल तर तो फिरवणाऱ्या पट्ट्याकडेही बघत जा. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पेडल कडक झालं, तर पट्टा तुटलाय. तिथेच बाजूला घ्या आणि पुढचं गाव जवळ आहे म्हणून तशीच दामटू नका.