वीस मीटरची सुतळी

माण तालुक्यातल्या शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मैदान होतं, ट्रॅक नव्हता. जूनमध्ये शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात मी हौसेने २०० मीटरचा ट्रॅक आखायला घेतला. दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, दोन टोकांना अर्धवर्तुळं. खुंटी ठोकली, वीस मीटरची सुतळी बांधली, ती ताणून धरत फिरलो आणि मागून पोरांनी फक्की मारली. शाळेच्या गच्चीवरून पाहिलं तर काय देखणा दिसत होता!

चौदा वर्षांखालील मुलींच्या ६०० मीटरसाठी सहावीतली एक मुलगी तयार करत होतो. वस्तीवरून तीन किलोमीटर चालत यायची, दमाला पक्की. पण स्टॉपवॉच हलायचं नाव घेत नव्हतं. १:५९, २:००, परत १:५९. मला वाटलं, मेहनत कमी पडतेय. वाढवली. सोमवार ते शनिवार रोज, कधी ६०० मीटर तीनदा पूर्ण जोरात, कधी शाळेमागच्या टेकाडावर चढ. रविवारी "घरी थोडं पळा" हेही सांगून ठेवलेलं. नियोजन म्हणजे माझ्या वहीत 'आज काय पळायचं' एवढी एक ओळ, तीही मैदानावर जाता जाता लिहिलेली.

जुलैअखेर तिची नडगी दुखायला लागली. ती बोलली नाही. पायऱ्या उतरताना आडवी उतरते हे मराठीच्या बाईंनी पाहिलं. बोटाने दाबून बघितलं तर हाडाच्या आतल्या कडेला वीतभर ठणका. चौकशी केल्यावर आणखी दोघी निघाल्या. खाली कडक मुरूम, पायात कॅनव्हासचे बूट आणि रोज जोर, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं. त्या वर्षीची तालुका स्पर्धा तिने बाकावर बसून पाहिली.

तिथेच निवृत्तीला आलेले एक क्रीडाशिक्षक भेटले. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्रिज्या किती घेतली तुम्ही?"

"वीस."

"चाळीसच्या सरळ बाजूला वीस कशी? अठरा नव्वद लागते की!"

घरी येऊन हिशोब मांडला. पळणारा आतल्या रेषेच्या २० सेंटीमीटर बाहेरून पळतो असं धरून अंतर मोजतात. २०० मधून सरळ बाजूंचे ८० गेले की दोन वळणांना १२० मीटर उरतात. त्या वर्तुळाची त्रिज्या १९.१०, त्यातून २० सेंटीमीटर वजा, म्हणजे १८.९०. (कडेला विटांचा उंच काठ असेल तर २० ऐवजी ३० धरायचे.) माझी एक फेरी २०७ मीटरच्या आसपास भरत होती. तीन फेऱ्यांत वीस मीटर जादा! पोरगी ६०० मीटर १:५५ च्या आसपास पळत होती आणि मी तिला कामचुकार समजत होतो. तो हिशोब मी बायकोलासुद्धा लगेच दाखवला नाही.

पुढच्या जूनमध्ये स्टीलचा टेप आणला. वेळापत्रक मात्र उलटीकडून लिहिलं. स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला धरली आणि मागे मोजत आलो, अकरा आठवडे निघाले. पहिले चार नुसते सावकाश पळण्याचे, पंधरा मिनिटांपासून पंचवीसपर्यंत. खूण एकच, पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. ज्या पोरी वर्गात गप्प बसत नाहीत त्या इथे मात्र 'सर, जोरात पळू द्या' म्हणायच्या.

नंतरचे पाच आठवडे जोराचे, पण जोर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी २०० मीटर पाच वेळा, मध्ये तीन मिनिटं चालणं. प्रत्येक वेळी ३८ सेकंद. पाचवं पहिल्याइतक्याच वेळेत यायला हवं. ४१ लागले की त्या दिवशी तिथेच थांबायचं, मग ते तिसरं का असेना. शुक्रवारी चढ. गुरुवारी विश्रांती म्हणून खो-खो ठेवला आणि फसलो, कारण खो-खोत पोरी जीव तोडून पळतात. तो काढला. शेवटचे दोन आठवडे वेग तोच, संख्या निम्मी.

कागदावर हे झकास दिसतं. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावल्या. त्यामुळे मुलगी पळते म्हटल्यावर इथे कुणी नाक मुरडत नाही. पण बाजरीची खुरपणी निघाली की पोरी गायब. आधी मी चिडायचो. आता दिवसभर वाकून खुरपलेल्या पोरीच्या नावापुढे 'जोराचा दिवस' अशीच खूण करतो आणि दुसऱ्या दिवशी तिला हलकं देतो. पाळीची नोंद मराठीच्या बाई ठेवतात. मला फक्त 'आज हिला कमी' एवढंच सांगतात.

त्या वर्षी नडगी कुणाचीच दुखली नाही. आदल्या वर्षी बाकावर बसलेली ती मुलगी तालुक्याला दुसरी आली, १:५३.

जिल्ह्याला ट्रॅक ४०० मीटरचा होता. आमच्या मैदानावर शेवटची फेरी सुरू झाली की मी घंटा वाजवायचो, म्हणजे २०० मीटर उरले, आता सोडायचं नाही. तिथे ६०० मीटर म्हणजे दीडच फेरी. सुरुवातीचे २०० झाले, रेषेवर घंटा वाजली आणि पोरीने सवयीने जीव खाऊन दौड मारली. अजून ४०० बाकी होते! बाकीच्या जणींपेक्षा पंधरा मीटर पुढे निघून गेली. शेवटच्या वळणावर पाय दगड झाले, एकेक करून पाचजणी पुढे गेल्या. माझ्याजवळ आली तेव्हा रडत नव्हती, रागावली होती. "सर, घंटा लवकर वाजवली त्यांनी."

यंदाच्या वहीत नवव्या आठवड्यात एक ओळ वाढली आहे: सगळ्यांना घेऊन जिल्ह्याच्या ट्रॅकवर एक दिवस, घंटा सोबत घेणे.