वाऱ्याचे साचे, कोकणचा पाऊस, मराठवाड्याचा खंड

‘राज्यात मान्सून सक्रिय’ या एका वाक्यात सांताक्रूझ आणि बीड दोन्ही कोंबले जातात. अरबी समुद्रावरून जोरदार पश्चिमी वारे आणि किनाऱ्यालगत द्रोणीय पट्टा (कमी दाबाचा लांबट पट्टा) असला की मुंबई, रत्नागिरी, महाबळेश्वर झोडपून निघतात. तोच वारा सह्याद्री उतरताना तापतो नि कोरडा होत मराठवाड्यात पोचतो. बीड-लातूरकडे चांगला पाऊस व्हायला बहुधा बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकत यावं लागतं. रोजच्या वाऱ्यांचे सारख्या दिसणाऱ्या दिवसांचे गट, म्हणजे साचे, पाडून त्यावरून पाऊस आणि दुष्काळाचा अंदाज बांधता येतो. पण या वर्गवारीत वरचे दोन साचे वेगळे निघाले नाहीत, तर पुढचं गणित न केलेलंच बरं.

ईआरए५ (जुन्या हवामानाची निरीक्षणं आणि संगणकी प्रारूप जुळवून बनवलेली माहिती) मधले ८५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीवरचे वारे घ्या. ही पातळी साधारण दीड किलोमीटरवर, घाटमाथ्याच्या जरा वर असते. नकाशावर ज्या भागाचे वारे घ्यायचे ती चौकट फार लहान ठेवली तर उपसागर कापला जातो; सोमालियापर्यंत ताणली तर तिथल्या वेगवान झोताचाच चढउतार सगळ्या गटांवर स्वार होतो. ५ ते ३० उत्तर अक्षांश आणि ६० ते ९५ पूर्व रेखांश ही सुरुवातीला बरी चौकट. ऋतूचा सरासरी चढउतार आधी वजा करा, नाहीतर गट पडतात ते फक्त जून, जुलै, सप्टेंबर असे. मग अक्षांशानुसार भार देऊन मुख्य घटक (वाऱ्यांतला बहुतेक फरक सांगणारे मोजके आकृतिबंध) काढायचे आणि के-मीन्स, म्हणजे सारखे दिवस एकत्र करून गट पाडणारी पद्धत, चालवायची. सुरुवातीचे बिंदू बदलून किमान ५० वेळा, कारण एकाच धावेत मिळालेले गट योगायोगाचेही असतात. गटांची संख्या ६ ते १२ मध्ये तपासा. निम्म्या वर्षांवर काढलेले गट उरलेल्या निम्म्यांत पुन्हा दिसत नसतील, तर संख्या कमी करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तारखेचा. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि शेवटच्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. साडेआठ म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटेचे ३. २७ जुलैच्या पावसाला २७ जुलैच्या जागतिक दिवसाचे सरासरी वारे जोडले, तर २४ पैकी जेमतेम ३ तास जुळतात. त्यामुळे वाऱ्यांची सरासरीही ३ ते ३ अशीच काढावी.

साच्यावरून मिलिमीटर सांगू नयेत, शक्यता सांगावी: ६४.५ मिमीच्या वर (जोरदार पाऊस) जाण्याची, किंवा २.५ मिमीच्या खाली (जवळपास कोरडा दिवस) राहण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. दोन्हींवरचा मोठा साचा एकच होता.

दुष्काळासाठी कोरडा साचा किती दिवस आला यापेक्षा सलग किती दिवस टिकला ते मोजा. मान्सूनचा आस (उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी सरकून तिथेच बसला की खंड पडतो. जुलै २००२ आणि ऑगस्ट २०२३ हे त्याचे नमुने. आजच्या साच्यानंतर उद्या कोणता येईल एवढीच साधी शक्यता धरून बनवलेली कृत्रिम मालिका असे लांब खंड सहसा कमीच दाखवते. आणि पावसाच्या तुटीचे दोन भाग पाडा: ओल्या साच्यांचे दिवस घटल्यामुळे आलेली तूट, आणि दिवस तेवढेच असून त्या साच्यात पाऊसच कमी पडल्यामुळे आलेली. दुसरा भाग मोठा निघाला, तर वाऱ्यांचे गट आणखी बारीक करून काही हाती लागत नाही. बाष्प आणि समुद्राचं तापमान तपासायला घ्यावं.