तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्यावर ती पळी कशाला?

मला जुन्या रोमन नाण्यांचं वेड आहे हे आता सगळ्यांना माहितीये, आणि मोबाईलवर फोटो दाखवला की कोणीतरी हमखास विचारतंच, अरे देव समजू शकतो, राजाचं तोंड समजू शकतो, पण ही भांडी कसली?

फोटो बहुतेक ज्युलियस सीझरच्या हत्तीवाल्या डिनेरियसचा असतो (डिनेरियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं), इ.स.पू. ४९ चा, चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. एका बाजूला हत्ती सापासारखं काहीतरी तुडवतोय आणि लोक तिथेच अडकतात. पण उलटवून बघा ना! लांब दांड्याची पळी, ती देवाला वाईन वाहायची, शेजारी पाणी शिंपडायचा कुंचा, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोकदार टोपी. आमच्या आजीचं पळी-पंचपात्र आठवतं मला (कुऱ्हाड सोडून).

आता गंमत अशी की त्याच वर्षी हा सीझर सैन्य घेऊन इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडून आलेला, सिनेटच्या लेखी सरळसरळ बंडखोर, पण इ.स.पू. ६३ पासून रोमचा मुख्य पुरोहितही तोच. मग नाण्यावर काय छापलं, तर पूजेचं सामान. व्हीनस, अपोलो, ज्युपिटर कोणीही छापायचं, आमचं घराणं थेट देवापासून आलंय म्हणणारे तिकडे ढिगाने होते आणि सीझर स्वतः त्यातलाच. पळी छापायला मात्र पद लागतं, असं आपलं माझं मत.

आणि ही पळी आपल्या देशातही आलीये बरं का. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसने दत्तक घेतलेले दोन नातू, गायस आणि ल्यूशस, ढाली घेऊन उभे असलेला डिनेरियस आहे, दोघांच्या मध्ये वर एक पळी आणि एक टोकाला गोल वळलेली काठी. पळी गायसची कारण तो पुरोहित, काठी ल्यूशसची, तो पक्ष्यांवरून शकुन बघणाऱ्यांपैकी. दोघंही पोरं इ.स. ४ पर्यंत गेली, पण त्यांची नाणी दक्षिण भारतात, कोइम्बतूरकडे वगैरे, ढिगाने सापडलीत. पुढे इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने डिनेरियसचं वजनही घटवलं आणि चांदीही, आणि त्यानंतरचे डिनेरियस आपल्याकडे फारच कमी सापडतात.