आजोबांचा नेम नेमका तेव्हाच कसा चुकायचा

चवथीला पेडण्याच्या घरी सगळे जमतात तेव्हा दुपारचं जेवण झालं की एक-दीड तास असा येतो की कुणालाच काही काम नसतं, पोरं माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीखाली, लोळतायत, मोठे पाटावरून उठून थेट आडवे, आणि बाहेर पाऊस. यंदा त्या वेळात म्हापशाच्या भाच्याने आपला स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मामा, हा खेळून बघ. भाचा अकरा वर्षांचा. गेमचं नाव सेलेस्ट, २०१८ चा आहे, एक मुलगी डोंगर चढते, गोष्ट एवढीच. उडी मारायची, भिंत धरायची, हवेत झेप घ्यायची. पहिल्या दहा मिनिटांत मी इतक्या वेळा मेलो की मोजायचं सोडून दिलं, गेम मात्र इमानदारीत मोजत होता.

पण राग येत नव्हता, हे मला नंतर जाणवलं. एरवी मी पाच मिनिटं गूगल पे अडकलं तरी फोन आपटणारा माणूस. इथे मेलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत त्याच खोलीत उभं, शिक्षा नाही, जाहिरात नाही, "तुम्ही हरलात" असं मोठ्या अक्षरात छापून लाज काढणं नाही. मग वाटतं आणखी एकदा. आणि मग आणखी एकदा.

मी कड्याच्या टोकाला जाऊन आधीच घाबरून उडी मारत होतो म्हणून भाचा म्हणाला, अरे मामा, कडा संपली तरी उडी लागते, गेमच देतो! मी म्हटलं काहीतरीच काय. पण खरंच. पाय हवेत गेल्यावरसुद्धा सेकंदाचा साधारण दहावा भाग गेम आपल्याला जमिनीवरच धरून चालतो, त्या वेळात बटण दाबलं की उडी बसते. याला कायोटी टाइम म्हणतात, त्या कार्टूनमधल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून, जो दरीवरून पळत जातो आणि खाली बघेपर्यंत पडतच नाही. शिवाय डोकं छपराच्या कोपऱ्याला जरासं घासलं तर गेम हळूच बाजूला सरकवतो, आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी बटण दाबलंत तरी टेकल्या टेकल्या उडी मिळते. गेम बनवणाऱ्या मॅडी थॉर्सनने २०२० मध्ये ही सगळी यादी स्वतःच लोकांना सांगून टाकली. म्हणजे ज्या उडीनंतर मी "बघ, जमलं की नाही" म्हणून भाच्याकडे बघितलं होतं ती उडी खरं तर हुकली होती.

हे ऐकल्यावर मला एकदम आजोबांचा कॅरम आठवला.

आजोबा ओसरीवर बसून खेळायचे, हाताचा नेम असा की सोंगटी कुठल्या भोकात जाणार ते आधी सांगायचे. आणि तरी माझ्याशी खेळताना राणी घेतली की कव्हर नेमकं चुकायचं. प्रत्येक वेळी नाही हां, चारातले तीन डाव ते जिंकायचेच, पण ते तीनसुद्धा असे की माझी एकच सोंगटी उरलेली असायची. सरळ हरवलं असतं तर मी दोन दिवसांत कॅरम सोडला असता आणि रोज जिंकू दिलं असतं तर मला तिसऱ्या दिवशी कळलं असतं. मला कळलं ते कॉलेजात गेल्यावर, तेव्हा आजोबा नव्हते.

आता हेच काम गेमवाले पगार घेऊन करतात. सिड मायर, ज्याने सिव्हिलायझेशन हा गेम बनवला, त्याने २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम डेव्हलपरांच्या परिषदेत मजेशीर गोष्ट सांगितली होती. लढाईत तुमचं बळ तीनास एक असेल तर हिशेबाने तुम्ही चारातून एकदा हरणारच, पण हरलं की लोक चिडायचे, तीन हा आकडा एवढा मोठा, मग मी हरलो कसा! आणि तीच माणसं उलट बाजूने एकास तीन असताना जिंकली की कुणाची तक्रार नाही, तेव्हा आपली हुशारी. मग त्यांनी गणितच वाकवलं. शाळेत आम्हाला संभाव्यता शिकवली ती फुकट गेली म्हणायची.

सगळंच काही विचार करून ठरवलेलं असतं असंही नाही. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या, त्यात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले भराभर यायला लागतात आणि छातीत धडधड होते. ते आधी ठरवलेलं नव्हतं, मशीनच इतकं दमलेलं की पडद्यावर पन्नासेक जणांना हलवायला त्याला वेळ लागायचा, कमी उरले की हात मोकळा. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोने ते बघितलं आणि तसंच ठेवलं. आपल्या घुमट आरतीला, म्हणजे घुमट हे मडक्याचं वाद्य वाजवून म्हणतात त्या आरतीला, कसं, सुरुवात निवांत, आणि शेवटी लय अशी चढते की वाजवणाऱ्यालाही थांबता येत नाही, तसंच.

पण मला सगळ्यात पटली ती श्वास घेऊ द्यायची गोष्ट. १९८० च्या पॅकमॅनमधली ती चार भुतं सतत पाठलाग करत नाहीत, पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग वीस सेकंद मागे लागतात, मग परत सात सेकंद सूट. खेळणाऱ्याला वाटतं आपण शिताफीने निसटलो. २००८ च्या लेफ्ट फोर डेड मध्ये तर याच कामाला एक अदृश्य डायरेक्टर बसवलाय, खेळणारा किती मार खातोय, किती गर्दीत सापडलाय हे तो मोजत राहतो, फार ताण झाला की झॉम्बी, म्हणजे अंगावर येणारी चालती मढी, पाठवणं बंद, जरा शांतता, आणि माणूस सैलावला की परत झुंड.

हा डायरेक्टर मी लहानपणी जत्रेत प्रत्यक्ष बघितलाय! आमच्याकडे दशावतारी नाटक व्हायचं, संकासुर येऊन हसवून जायचा, मग रात्रभर आख्यान. त्यात लिहिलेले संवाद नसतात, कथा आधी ठरते आणि बाकी सगळं रंगमंचावर सुचेल तसं. रात्री तीनच्या सुमाराला पुढची रांग पेंगायला लागली की पखवाज एकदम वाढायचा आणि युद्ध सुरू, दोन राजे गरागरा फिरायचे, आम्ही दचकून उठायचो. आणि लोक फारच ताणलेत असं दिसलं की विनोदी पात्र आत. हे सगळं माणसं नुसती समोर बघून ठरवायची.

याची वाईट बहीणही आहे, ती नाकारून चालणार नाही. पणजीला संध्याकाळी मांडवीच्या काठाने गेलं की कॅसिनोच्या बोटींचे दिवे दिसतात, तिथल्या मशीनवरही माणूस खिळून बसतो, पण तिथे "थोडक्यात हुकलं" हे दाखवायचं असतं ते खिशासाठी. फोनवरच्या कित्येक गेमची तीच जात. माझी आई गोळ्या जुळवायचा गेम खेळते, त्यात पाच जीव, संपले की एक जीव भरायला अर्धा तास नाहीतर पैसे टाका. आईने त्यावर स्वतःचा तोडगा काढलाय, जीव संपले की भात लावायचा. तिच्याकडून त्या कंपनीला आजवर एक रुपया मिळाला नसेल, उलट आमची जेवणं वेळेवर होतात.

असो. त्या दिवशी मग वीज गेली, स्विच बॅटरीवर चालूच, आणि मी एकदाचा तो चॅप्टर पार केला. टाळ्या वगैरे झाल्या. भाचा पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी उगाच मेनू उघडून बघत होतो, तर असिस्ट मोड, म्हणजे गेम सोपा करायची सोय, चालू, आणि गेमचा वेग ऐंशी टक्क्यांवर. मी तर कशाला हात लावला नव्हता.

तो परत आला आणि माझ्या मांडीवर पाय टाकून बसला. मी मेनू बंद केला होता. म्हणाला, मामा, पुढचा चॅप्टर कठीण आहे हां, पण तुला जमेल.